स्पेनमधला सिट्जेस-तेरामार रेस ट्रॅक इतक्या लवकर बंद का पडला? आणि आजही तो शाबूत कसा?

थोडक्यात सांगायचं तर पैशांमुळे बंद पडला आणि काँक्रीटमुळे टिकला.

बार्सिलोनाच्या दक्षिणेला 1923 मध्ये हा 2 किलोमीटरचा अंडाकृती ट्रॅक बांधला. 28 ऑक्टोबरला पहिली मोठी शर्यत झाली. सनबीम गाडीतून अल्बेर दिवो जिंकला, काउंट झ्बोरोव्स्की दुसरा आला. पण बांधकामाचा खर्च हाताबाहेर गेला होता. थकलेल्या बिलांपोटी ठेकेदारांनी तिकिटांचा गल्लाच जप्त करवला आणि बक्षिसाची रक्कम द्यायला पैसे उरले नाहीत. मग तिथल्या आंतरराष्ट्रीय शर्यतींवर बंदी आली. पुढे किरकोळ शर्यती झाल्या, एवढंच. नंतर तर तिथं कोंबड्या पाळल्या गेल्या!

मला खरं अप्रूप आहे ते त्याच्या वळणांचं. वरच्या कडेला उतार जवळपास 60 अंशांचा, म्हणजे जिन्यापेक्षाही कितीतरी उभा. पायी चढायला गेलात तर हात टेकावे लागतील. गाडी मात्र वेगात असली की त्या भिंतीला दाबली जाते, घसरत नाही. सरळ रस्त्यावरून वळणात शिरतानाचा सांधा मात्र नीट जमलेला नव्हता, अशी चालकांची तक्रार असे.

डांबरी रस्ता असता तर कधीच उखडला असता. इथं काँक्रीटच्या सांध्यांत गवत उगवलंय, पण आकार जसाच्या तसा आहे. 2012 मध्ये रॅली चालक कार्लोस साइन्झने (थोरल्या) याच ट्रॅकवर ऑडी आर8 पळवून सुमारे 42.6 सेकंदांत फेरी मारली आणि जुना विक्रम मोडला.