रिपोर्टवर ‘बायरॅड्स ०’ आलंय, आता काय?

ताई, इंदिरानगरच्या शिबिरात केलेल्या मॅमोग्राफीत ‘बायरॅड्स ०, डेन्स ब्रेस्ट’ आलंय. मिस्टर म्हणतात शून्य म्हणजे काहीच नाही, भाऊ म्हणतो आजच मुंबईला टाटाला चला. तूर्त दोघांचंही ऐकू नका.

बायरॅड्स म्हणजे मॅमोग्राफीच्या (स्तनाच्या एक्स-रेच्या) रिपोर्टला दिलेला क्रमांक. त्यात ० म्हणजे तपासणी अपुरी राहिली, एवढंच. सगळं ठीक असलं की १ किंवा २ लिहितात. ३ असेल तर बहुधा साधी गाठ, सहा महिन्यांनी पुन्हा बघायची. ४-५ ला बायोप्सी, म्हणजे सुईनं गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं. तुमच्या ४३ व्या वर्षी स्तनात ग्रंथी बऱ्याच असतात, तेच ‘डेन्स ब्रेस्ट’. फिल्मवर त्या पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच. गंगापूर धरणावरच्या पहाटेच्या धुक्यात पांढरी गाय शोधण्यातला प्रकार! म्हणून आता दोन्ही बाजूंची सोनोग्राफी करायची. जाताना नुसता रिपोर्टचा कागद नको, फिल्म किंवा सीडी न्या. रेडिओलॉजिस्टला दोन्ही शेजारी ठेवून बघता येतं. कदाचित वेगळ्या कोनातून मॅमोग्राफीची एखादी जादा फिल्मही काढायला सांगतील, घाबरू नका.

पाळीआधी दोन्हीकडे दुखतं, ते बहुतेक वेळा हार्मोन्समुळे. कॅन्सरची गाठ सुरुवातीला सहसा दुखत नाही, आणि इथेच घात होतो. आमच्या निफाडकडच्या बायका ‘दुखत तर नाही, द्राक्षांची काढणी होऊ दे’ म्हणत गाठ अंगावर काढतात. काखेत गाठ, बोंड नव्यानं आत ओढलं जाणं, रक्ताळ स्राव, कातडीला खळगा यातलं काही दिसलं, तर शिबिराची वाट न बघता सर्जनकडे जा.

सासूबाईंचं ‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’ हे खरं नाही. बायोप्सीशिवाय गाठ कसली ते ठरत नाही, मग औषध कशावर देणार?

खरं तर त्यांनाच सोबत न्या. टाटाच्या डॉक्टरांनी मुंबईत दीड लाखावर बायकांचा २० वर्षं अभ्यास केला. निम्म्या बायकांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं स्तनतपासणी केली. २०२१ मध्ये निकाल छापून आला: पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही. म्हणजे घरात या तपासणीचा सगळ्यात जास्त फायदा सासूबाईंनाच. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या बायकांसाठी ती आहेच, आशाताईंना विचारा.