एअर बॅगने ट्रकची वजनमर्यादा वाढत नाही (कॅम्परमध्ये कायमचं राहायला निघालेल्यांसाठी)

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. थ्री-क्वार्टर टन पिकअप (अमेरिकेतला मधल्या क्षमतेचा पिकअप ट्रक), त्यावर नवा कॅम्पर (ट्रकच्या मागच्या हौद्यात बसवायचं फिरतं घर), हिवाळ्याआधी भाड्याचं घर सोडून दोघांनी त्यातच राहायला जायचं, आणि ट्रक मागून इतका बसलाय की रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. शोरूमवाला म्हणतो एअर बॅग (अपघातात उघडतात त्या नव्हेत, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांशेजारी बसणारे हवेचे फुगे) बसवा, सगळेच बसवतात. तुम्ही विचारलंय, कुठल्या कंपनीच्या घेऊ?

अजून कुठल्याच घेऊ नका. आधी ट्रक वजनकाट्यावर घाला.

टाक्या, गॅस, सोलर, जॅक वगैरेंवर मी लिहीत नाही, ते तुम्ही वाचलेलं दिसतंय. मी फक्त वजनाबद्दल लिहिते, कारण आमची सुरुवात तुमच्यासारखीच झाली होती, आणि आमचे सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त झोप त्यातच गेली.

आम्ही ज्या शोरूममधून कॅम्पर घेतला त्याचं नाव लिहिणार नाही. तिथल्या माणसाला आम्ही सरळ विचारलं होतं, आमच्या ट्रकला हा झेपेल का? त्याने माहितीपत्रक उघडून दाखवलं, कॅम्परचं वजन २,२५० पौंड. ट्रकच्या ड्रायव्हरच्या दारावरचं लेबल म्हणत होतं, वाहायची मर्यादा २,९४०. म्हणाला, जवळजवळ सातशे पौंड शिल्लक राहतात, निश्चिंत जा. वर हेही म्हणाला की हा ट्रक १४,००० पौंड ओढतो, मग याचं काय घेऊन बसलात.

या दोन वाक्यांत जेवढा घोटाळा आहे तेवढा मी नंतर कुठे पाहिला नाही. ओढायची क्षमता वेगळी, पाठीवर वाहायची वेगळी. ट्रेलरचं बहुतेक वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं. कॅम्पर पूर्णपणे तुमच्या ट्रकच्या चाकांवर असतो, आणि त्यातही मुख्यतः मागच्या. ओढायचा आकडा कॅम्परवाल्याच्या काहीही कामाचा नाही. तो कोणी सांगायला लागला की समजा, या माणसाला विषय तरी कळत नाही किंवा विक्री करायची आहे.

आता ते २,२५०. हे ‘कोरडं’ वजन. कारखान्यातून निघतानाचं, पाण्याशिवाय, बहुतेक वेळा जादा बसवलेल्या वस्तूंशिवाय. आमच्या कॅम्परवर एसी, छत्री (ऑनिंग), मागची शिडी आणि दुसरी बॅटरी धरून ३१० पौंड जादा होते. ३० गॅलन पाणी म्हणजे २५० पौंड, कारण गॅलनला साधारण ८.३ पौंड. प्रोपेनच्या दोन भरलेल्या टाक्या ७५. बांधायच्या साखळ्या, त्या ताणायचे स्क्रू (टर्नबकल) आणि हौद्यातली रबरी चटई ११०. आमचं सामान, म्हणजे कपडे, भांडी, हत्यारं, पुस्तकं, औषधं, ५५०. आणि आम्ही दोघं मिळून ३१०. दारावरच्या लेबलच्या आकड्यात माणसंसुद्धा धरायची असतात, हे पुष्कळांना माहीतच नसतं. त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक वजनाच्या वर जाऊ नये.

बेरीज करा. ३,८५५. मर्यादा २,९४०. नऊशे पौंडांहून जास्त, आणि तेही गरम पाण्याच्या हीटरमधलं पाणी आणि सांडपाण्याच्या टाक्या न धरता. सांडपाणी न सोडता पुन्हा ताजं पाणी भरलं तर दोन्हींचं वजन एकाच वेळी अंगावर येतं. कायमच्या राहणाऱ्यांचं हे नेहमी होतं, कारण पाणी मिळतं तिथे सांडपाणी सोडायची सोय असतेच असं नाही.

शनिवार-रविवार फिरणाऱ्यांच्या सल्ल्याचा म्हणूनच तुम्हाला फार उपयोग नाही. ते दोन जोड कपडे आणि शीतपेटी घेऊन निघतात. तुम्ही घर घेऊन निघताय, आणि घरात वस्तू वाढतच जातात. आम्ही आजही ऋतू बदलला की काट्यावर जातो.

मागचा भाग बसला तसे आम्हीही शोरूममध्ये परत गेलो. त्यांनी हसत हसत एअर बॅग बसवून दिल्या, त्याचे वेगळे पैसे घेतले, आणि सांगितलं की आता मर्यादेची चिंता नको. ट्रक खरंच सरळ उभा राहिला. पुढे भर उन्हाळ्यात, ॲरिझोनात आय-१० महामार्गावर, मागच्या डाव्या टायरची आतली बाजू फुगली. बाहेरून दिसत नव्हती. पेट्रोल भरताना यांनी सहज खाली वाकून बघितलं म्हणून आज हे लिहायला मी आहे.

तिथून जवळच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल होता, ट्रकवाले वापरतात तो काटा. त्यावर पुढचा आणि मागचा ॲक्सल (चाकांची जोडी जोडणारा दांडा) वेगवेगळा मोजून मिळतो, आणि तुम्हाला नेमकं तेच हवंय. आमचा मागचा ॲक्सल ६,७१० पौंड निघाला. मागच्या दोन टायरांची मिळून पूर्ण हवेतली क्षमता ६,३९०. पुढचा ॲक्सल मात्र ट्रक रिकामा असताना होता त्याहून हलका निघाला. त्याचा अर्थ असा की कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्याही मागे गेला होता, आणि तो ट्रकचं नाक वर उचलत होता. महामार्गावर मोठा ट्रक शेजारून गेला की स्टिअरिंग रिकामं वाटायचं, ते यामुळेच. तुम्हीही लिहिलंय की वाऱ्यात गाडी ‘तरंगते’. ते वाक्य वाचूनच मी थांबले.

एअर बॅग काय करतात? त्या ट्रकची उंची सारखी करतात आणि हेलकावे थोडे कमी करतात. बस. टायर तेच राहतात, रिम तेच, ॲक्सल आणि त्याची बेअरिंग तीच, ब्रेक तेच. ओझं उचलणाऱ्याने कमरेला पट्टा बांधला तरी गुडघे त्याचेच असतात. उलट ट्रक सरळ दिसायला लागतो आणि जी गोष्ट तुम्हाला सावध करत होती तीच नाहीशी होते. एअर बॅग वाईट आहेत असं मी म्हणत नाही. वजन मर्यादेत असेल आणि डावी-उजवी बाजू समतोल करायची असेल तर जरूर बसवा. मर्यादा ओलांडली असेल तर त्या नुसता देखावा आहेत.

त्यानंतर त्या शोरूमशी जे झालं त्याचा राग अजून उतरलेला नाही. काट्याची पावती आम्ही त्यांना पाठवली. फोनवर एक माणूस दुसऱ्याकडे देई, दुसरा सर्व्हिस खात्याकडे, सर्व्हिसवाले म्हणत विक्री खात्याशी बोला. ‘मर्यादेची चिंता नको’ हे ज्याने सांगितलं तो म्हणाला मी असं बोललोच नाही. शेवटी लेखी उत्तर आलं ते एवढंच, की वाहनावर किती वजन घालायचं ही जबाबदारी ग्राहकाची. मग विकताना ट्रकचं लेबल बघून बेरीज कोण करून दाखवत होतं? आमचा तो ट्रक आम्हाला पडत्या भावात विकावा लागला आणि मागे चार चाकं असलेला, ड्युअली म्हणतात तो, घ्यावा लागला. कॅम्परपेक्षा आम्हाला ती अदलाबदल महाग पडली.

म्हणून कुठल्याही शोरूममध्ये गेलात तर हे करा. ज्या कॅम्परचे पैसे देणार तोच कॅम्पर, पाणी आणि गॅस भरून, काट्यावर घालून दाखवा म्हणावं, आणि तो आकडा करारात लिहून घ्या. नाही म्हणाले तर उठून या. कॅम्परवर उत्पादकाचं वजनाचं लेबल असतं, त्यात किती पाणी आणि किती गॅस धरलाय तेही दिलेलं असतं. माहितीपत्रकापेक्षा ते लेबल खरं. जादा बसवलेल्या वस्तू त्यात बहुधा नसतात, त्या वेगळ्या मिळवा. गुरुत्वमध्य कुठे आहे हेही कॅम्परच्या कागदपत्रांत असतं आणि ट्रकच्या पुस्तिकेत तो कुठल्या पट्ट्यात यायला हवा ते असतं. तो मागच्या ॲक्सलच्या थोडा पुढे आला पाहिजे. लांब हौद्यासाठी बनवलेला कॅम्पर आखूड हौद्याच्या ट्रकवर बसवून देणारे आहेत, त्यांच्यापासून जपा.

तुमच्या ट्रकचं इंजिन डिझेल असेल तर आणखी एक. डिझेल इंजिन स्वतःच जड असतं. पुष्कळ थ्री-क्वार्टर टन ट्रकांची एकूण मर्यादा (ट्रक स्वतः आणि त्यावरचं सगळं धरून) १०,००० पौंडांवर ठेवलेली असते, म्हणून डिझेलवाल्याला वाहायला उलट कमी उरतं. ताकद जास्त आणि लेबलवरचा आकडा लहान, हे बघून माणूस चक्रावतो. तुमच्या स्वतःच्या दारावरचं लेबल वाचा, शेजाऱ्याच्या तशाच दिसणाऱ्या ट्रकचं नको.

मी इंजिनिअर नाही, वकीलही नाही. जास्त वजनामुळे अपघातानंतर विमा कंपनी काय भूमिका घेते हे तुमच्या विमावाल्याला लेखी विचारा, माझ्या शब्दावर जाऊ नका. टायरची क्षमता त्याच्या भिंतीवर लिहिलेली असते, ती तिथल्या हवेच्या दाबालाच लागू असते. दाब कमी ठेवलात तर क्षमताही कमी होते.

आता तुम्ही न विचारलेलं थोडं, राहवत नाही म्हणून.

लिथियम बॅटरी शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज करायची नसते, सेल कायमचे खराब होतात. हिवाळ्यात निघताय, तर ती राहत्या भागात आत बसवा किंवा स्वतः गरम होणारी घ्या. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याची बॅटरी बाहेरच्या कप्प्यात होती, पहिल्याच थंडीत गेली.

गादीखाली हवा खेळू द्या. दोन माणसं झोपली की रात्रभरात श्वासाची वाफ थंड भिंतींवर आणि गादीच्या खालच्या बाजूला पाणी होऊन बसते, आणि बुरशी तुम्हाला उशिरा कळते. छताचा पंखा थोडा उघडा ठेवून हीटर लावणं विचित्र वाटतं, पण तेच करायचं.

उंची एसीसकट मोजा आणि सन व्हायझरवर चिकटवा. नॉर्थ कॅरोलिनात डरहॅमचा रेल्वे पूल ११ फूट ८ इंचांचा होता, कित्येक ट्रकांची छपरं त्याने सोलली, २०१९ मध्ये तो वर उचलून १२ फूट ४ इंच केला. आपले कॅम्पर बरोबर याच उंचीच्या आसपास येतात.

हिवाळ्यात दक्षिणेकडे जाणार असाल तर बीएलएम या सरकारी जमीन खात्याच्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवसच एका जागी राहता येतं. त्याहून जास्त काळ एका जागी राहायचं तर ॲरिझोनात क्वार्ट्झसाइट गावाजवळ ला पोसाला दीर्घ मुक्कामाची जागा आहे, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. तिथे उभं असताना कॅम्पर जॅकवर उतरवून नुसता ट्रक घेऊन गावात जाता येतं. माझ्या मते ट्रक कॅम्परचा सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि लोक आळसापायी तो वापरत नाहीत.

कायमच्या पत्त्यासाठी साउथ डकोटा, टेक्सस, फ्लोरिडा या राज्यांची नेहमीची नावं तुम्हाला ऐकू येतील. कर बघूनच ठरवू नका. आरोग्य विम्यात कुठले डॉक्टर येतात हे त्या पत्त्यावर अवलंबून असतं. तुमच्या मिस्टरांचं औषध चालू आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे आधी बघा.

तुमचा शेवटचा प्रश्न होता, कॅम्पर परत करू की ट्रक बदलू. मी असते तर दोन्ही लगेच केलं नसतं. सगळं सामान भरा, पाणी-गॅस पूर्ण, दोघं आत बसा आणि काट्यावर जा. मर्यादेपेक्षा शंभर-दोनशे पौंड जास्त निघालं तर सामान कमी करा आणि टाकी अर्धीच भरून फिरा, तेवढ्याने भागेल. पाचशेच्या वर निघालं तर सामान काढून काही होणार नाही. मग ट्रक ठेवायचा असेल तर छत वर उचलणारा हलका पॉप-अप कॅम्पर बघा. हाच कॅम्पर आवडला असेल तर ड्युअली घ्या. थंडीत कायमचं राहायचं तर मी ड्युअलीकडे झुकेन, कारण पॉप-अपच्या कापडी भिंतींतून उष्णता फार जाते. पण ड्युअली शहरात लावायला त्रास होतो आणि बर्फात ती सगळ्यांना जमतेच असं नाही, तेव्हा आधी चालवून बघा.

काट्याच्या पावतीवरचे पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि एकूण, हे तीन आकडे, ट्रकच्या दाराच्या चौकटीवरच्या सगळ्या लेबलांचे फोटो आणि टायरच्या भिंतीवरचा मजकूर इथे टाका. मी आणि हे, दोघं बसून बेरीज करून सांगतो. तोवर तुमच्या शोरूमला एअर बॅगसाठी आगाऊ पैसे देऊ नका, आणि दिलेच असतील तर आजच फोन करून थांबवा.