परसातल्या कोंबड्या आणि राखणीचा कुत्रा: तीन प्रश्नांना उत्तर

गेल्या महिनाभरात कोंबड्या आणि कुत्रा या एकाच विषयावर बेळगाव जिल्ह्यातल्या तीन ठिकाणांहून विचारणा झाली. जांबोटी भागातल्या एका ताईंच्या २२ गिरिराज कोंबड्यांपैकी ९ गेल्या. राखणीला मुधोळ जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणू का, असं त्या विचारतात. निपाणीजवळच्या दादांचा प्रश्न उलटा आहे. त्यांच्या १० महिन्यांच्या कुत्र्यानेच कोंबडीची ४ पिलं मारली, आणि शेजारी सांगतात की मेलेलं पिलू त्याच्या गळ्यात बांध, चांगली अद्दल घडेल. अथणीकडे उसाच्या शेतात वस्ती करून राहणाऱ्या अण्णांना विचारायचंय की कुत्रा रात्रभर खुराड्यालाच साखळीने बांधला तर चालेल का, आणि कोल्ह्यासाठी मटणातून विषारी औषध टाकलं तर? तिन्ही उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून एकत्र लिहितो. तिघांनीही सगळं वाचावं.

ताई, पिल्लू आणायच्या आधी चोर कोण ते शोधा. तुम्ही "रात्री काहीतरी येतंय" एवढंच सांगितलंत. आज संध्याकाळी चुलीतली राख चाळा आणि खुराड्याभोवती दोन हात रुंद पट्ट्यात पातळ पसरा. सकाळी झाडू मारायच्या आधी वाकून बघा. पाच बोटं आणि पुढे नखांचे टिंब असलेला लहान ठसा मुंगसाचा. चार गोल बोटं आणि नखाची खूणच नाही, तर रानमांजर किंवा गावातला बोका, कारण मांजराची जात चालताना नखं आत ओढून घेते. चार बोटं, लांबट ठसा आणि नखं स्पष्ट, तर कोल्हा किंवा एखादा मोकाट कुत्रा. कांडेचोरालाही, म्हणजे उदमांजरालाही, पाच बोटं असतात, पण तो झाडावरून कौलांवर आणि कौलांतून आत उतरतो. त्यामुळे तो राखेत सापडेलच असं नाही. कौल सरकलेलं आहे का ते बघा.

मागे काय राहिलंय त्यावरूनही कळतं. मुंगूस मान आणि डोकं धरतं, आणि कोंडलेल्या कोंबड्या सापडल्या तर एकीवर थांबत नाही. कोल्हा आणि रानमांजर बहुतेक वेळा अख्खी कोंबडी उचलून नेतात, मागे पिसं तेवढी राहतात. अंडी कवचासकट नाहीशी होत असतील तर साप किंवा घोरपड. लहान पिलं एकेक करून कमी होतायत आणि भिंतीच्या बुडाशी ताजी माती निघालीय, तर घूस. भर दुपारी मोकळ्यावरून पिलू गेलं तर घार, शिक्रा किंवा कावळा.

तुमच्या ९ पैकी ७ कोंबड्या रात्री गेल्यात. रात्रीच्या चोरीला खुराडं हाच इलाज आहे, कुत्रा कितीही चांगला असला तरी. गेल्या पावसाळ्यात तुमच्याच बाजूच्या एका घरी मी गेलो होतो. खुराड्याचं दार मजबूत, वर कडी, आणि घरची माणसं शपथेवर सांगत होती की दार कुणी उघडलेलंच नाही. खरंच उघडलेलं नव्हतं. मागची मातीची भिंत पावसाने मऊ झाली होती, घुशीने तिच्या खालून बीळ काढलं होतं आणि त्याच बिळातून मुंगूस आत येत होतं. भोकात माझी मूठही नीट जात नव्हती. बिळाच्या कडेला कोंबडीचं एक पांढरं पीस चिखलात चिकटलेलं होतं, तेवढ्यावरून वाट सापडली.

बाजारात मिळणारी षटकोनी भोकांची कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते, चोराला बाहेर ठेवत नाही. लहान मुंगूस आणि साप तिच्यातून सहज येतात. अर्धा इंची वेल्डमेश जाळी घ्या. सगळ्या बाजूंना परवडत नसेल तर निदान खालच्या दोन फुटांना आणि हवेच्या झरोक्यांना लावा. जाळी भिंतीच्या बुडाशी संपवू नका. बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट जमिनीवर आडवी पसरा आणि तिच्यावर चिऱ्याचे तुकडे आणि माती दाबा. उकरणारं जनावर भिंतीच्या कडेलाच उकरायला सुरुवात करतं आणि जाळी लागली की नाद सोडतं. दाराला सुतळी नको, कडी आणि तिच्यात खुंटी हवी. कोंबड्या दिवेलागणीच्या आधी आत घ्या आणि मोजूनच दार लावा. गावठी कोंबडी वेळप्रसंगी उडून फांदीवर बसते. बेंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली गिरिराज अंगाने जड, तिला तसं उडता येत नाही. बाहेर राहिलेली गिरिराज सकाळपर्यंत टिकली तर नशीब समजायचं.

मग कुत्रा कशासाठी? उजाडताना खुराडं उघडल्यापासून संध्याकाळी बंद करेपर्यंत. कोल्हा, रानमांजर, मुंगूस ही सगळी जनावरं धोका जोखून येतात. परड्यात कुत्र्याचा वावर आहे, कुंपणाला त्याचा मुताचा वास आहे, आणि जरा पाचोळा वाजला की कुणीतरी भुंकत येतं, हे कळलं की ती दुसरीकडे जातात. कुत्र्याने मुंगूस मारावं अशी अपेक्षा ठेवूच नका. भुंकून तुम्हाला बाहेर आणलं की त्याचं काम झालं. घारीला कुत्रा थोडाफार अडवतो, सापाला नाही. सहा-आठ आठवड्यांची होईपर्यंत पिलं डालग्याखाली किंवा झाडोऱ्याच्या आडोशालाच फिरू द्या.

आता मुधोळ. आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्याची ही जात, तिचा अभिमान मलाही आहे. मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे आणि २०१६ मध्ये लष्कराने या जातीची पिल्लं मेरठला प्रशिक्षणासाठी नेली. पण हा नजरेने शिकार हेरून धावत सुटणारा कुत्रा आहे. ससा पळाला की मागे सुटायचं, हे त्याच्या रक्तात पिढ्यान् पिढ्या उतरलंय. पंख फडफडवत पळणारी कोंबडी त्याच्यासमोर सोडणं म्हणजे त्याचीच परीक्षा बघणं. काही जण मेहनतीने शिकवतातही, पण पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्याने ती जोखीम घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गावठी पिल्लू घ्या, आणि पिल्लाआधी त्याची आई बघा. जिच्या अंगणात कोंबड्या मोकळ्या फिरतात आणि जी त्यांच्यातच निवांत झोपते, अशा कुत्रीचं पिल्लू मिळालं तर सोडू नका. आठ आठवडे ते आईजवळच राहू द्या, लवकर तोडू नका. घरी आणल्यावर जंताचं औषध, डिस्टेंपर आणि पार्व्होची लस, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, महिन्याने तिचा पुढचा डोस आणि मग दरवर्षी. पार्व्होने रक्ताची हगवण लागून पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं, त्यामुळे इथे कंजुषी नको. नर असो वा मादी, योग्य वयात नसबंदी करून घ्या. भाद्रपदात नर कुत्रा घर सोडून चार-चार दिवस भटकतो आणि नेमकं तेव्हा परडं राखायला कुणी उरत नाही.

एक गोष्ट जांबोटी, कणकुंबीकडच्या सगळ्यांसाठी. भीमगड अभयारण्याच्या कडेला बिबट्याचा वावर आहे, आणि बिबट्याला कोंबडीपेक्षा कुत्रा जास्त आवडतो. रात्री कुत्रा बंद पडवीत किंवा दार असलेल्या गोठ्यात घ्या. तिथूनही तो भुंकू शकतो. बाहेर बांधलेला कुत्रा बिबट्याला घराची वाट दाखवतो.

दादा, आता तुमचं. गळ्यात मेलेलं पिलू बांधू नका. सकाळी काय केलं आणि दुपारी गळ्यात काय लोंबतंय, याचा संबंध कुत्र्याला लागत नाही. सडणाऱ्या मांसावर माश्या बसतात, मानेची कातडी चिघळते, आणि ज्या वासापासून त्याला तोडायचं तोच दिवसभर नाकाशी राहतो. मारण्याचंही तसंच. मार खाल्लेला कुत्रा तुमच्यासमोर कोंबडीला बघत नाही, पाठ फिरली की बघतो.

त्याने एकही पिलू खाल्लं नाही असं तुम्ही सांगितलंत. म्हणजे भूक नव्हती, खेळ होता. पळतं ते धरायचं, हलायचं थांबलं की सोडून द्यायचं. या वयात अंगात ताकद असते आणि समज अजून आलेली नसते, म्हणून मला तुमचा कुत्रा वाया गेलेला वाटत नाही. पण आजपासून तो आणि कोंबड्या एकटे एकत्र राहता कामा नयेत, एक मिनिटही.

पहिले दोन आठवडे रोज सकाळी त्याला भाकरी-ताक घालून पोट भरलं की पट्ट्याला दोरी बांधून कोंबड्यांपासून वीस पावलांवर घेऊन बसा. तुम्ही बसलात की तोही बसेल. कोंबडीकडे बघून त्याने नजर तुमच्याकडे वळवली की शाबासकी आणि भाकरीचा तुकडा. आणि धावण्याआधीचा क्षण ओळखायला शिका. कान पुढे येतात, शेपटी हलायची थांबते, पुढचा एक पाय जरासा वर उचलला जातो आणि तोंड मिटतं. तेव्हाच नाव घेऊन हाक मारा आणि त्याला दुसरीकडे वळवा. तो सुटल्यावर ओरडून उपयोग नाही, उलट आपला मालकही शिकारीत सामील झाला असं त्याला वाटतं. रोज दोन-तीन पावलं पुढे सरका. नंतर महिनाभर १५ फुटांची दोरी जमिनीवर मोकळी ओढत फिरू द्या, म्हणजे वेळेला त्यावर पाय देता येतो. आधी मोठ्या कोंबड्यांमध्ये, पिलं सगळ्यात शेवटी. वर्ष-दीड वर्षाचा होईपर्यंत पूर्ण भरवसा टाकू नका.

पिलांची आई या कामात तुमच्याहून चांगली मास्तरीण ठरते. एका घरी दोन महिन्यांचं पिल्लू पिलांना हुंगायला गेलं तेव्हा मी तिथेच होतो. कोंबडीने मानेची पिसं फुगवली, पंख जमिनीला टेकवले आणि एक चोच थेट नाकावर. पिल्लू केकाटत मालकिणीच्या लुगड्याआड शिरलं. वर्षभराने मी पुन्हा गेलो तर तोच कुत्रा पिलांच्या वाटेतून उठून बाजूला होत होता. तुमच्या मोठ्या कुत्र्यावर मात्र हा प्रयोग नको, तिथे कोंबडीचाच जीव जाईल.

मेलेली कोंबडी, पिसं, आतडी कुत्र्यापुढे कधीच टाकू नका. खड्ड्यात चुना टाकून पुरा. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांच्या काड्या घशात अडकतात. अंडी दिवसातून दोनदा गोळा करा, कारण एकदा गवतात सापडलेल्या अंड्याची चव लागली की ती सवय मोडणं पिलांमागे धावण्यापेक्षा अवघड. आणि कोंबड्यांना मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस वेळेवर द्या. रोगाने सुस्त झालेली कोंबडी आडबाजूला बसते आणि तीच आधी उचलली जाते. मग आपण कोल्ह्याला शिव्या देतो आणि रोग कळपात तसाच राहतो.

अण्णा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, खुराड्याला साखळीने बांधू नका. चार हात साखळीचा कुत्रा कितपत राखण करणार, हे चोराला दोन रात्रींत कळतं. बांधलेला कुत्रा चिडका होतो, ऊन-पाऊस खातो, आणि मोकाट कुत्र्यांची टोळी आली तर त्याला पळताही येत नाही. वस्तीभोवती कुंपण करून त्यात तो मोकळा फिरू द्या. तुमच्याकडे मेंढरं घेऊन येणाऱ्या धनगरांचे कुत्रे बघा. लांडग्याने नरडं धरू नये म्हणून गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो, पण कामाच्या वेळी साखळी नसते. पिल्लासाठी त्यांच्याकडे विचारून बघा, त्यांची कुत्री जनावरांत वाढलेली असतात. ऊसतोड सुरू झाली की उसात लपणाऱ्या कोल्ह्यांचा आणि रानमांजरांचा आडोसा जातो आणि ती वस्तीकडे सरकतात. त्या दिवसांत खुराडं तासभर लवकर बंद करा आणि वस्तीभोवतीचं पाचट हटवून दहा-पंधरा पावलं जागा मोकळी ठेवा.

औषध टाकण्याचा विचार मात्र आजच सोडा. कोल्हा, मुंगूस, रानमांजर, घोरपड यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, गुन्हा दाखल होतो. फोरेट या कीटकनाशकाची तर विक्रीच बंद झालेली आहे, जुना डबा कुठे पडला असेल तर त्याला हात लावू नका. आणि विषाचा तुकडा कोल्हाच खाईल याची खात्री कोण देणार? तो पहिल्यांदा तुमचाच कुत्रा हुंगतो. शेजाऱ्याचं पोर खेळत तिथे येतं. लाळ गळतेय, अंग थरथरतंय, अशी जनावरं दवाखान्यात आणतात तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. तसं काही दिसलं तर वाट न बघता १९६२ ला फोन करा, पशुसंजीवनीची गाडी येते.

राखण करताना कुत्र्याला कोल्हा किंवा मुंगूस चावलं, तर लस झालेली असली तरी जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात आणा. धुताना हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घाला. माणसाला ओरखडा जरी लागला तरी आधी तो तसाच धुवायचा आणि सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्यायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही.

ताई, राखेतल्या ठशाचा फोटो पाठवाल तेव्हा शेजारी काडेपेटी ठेवून काढा, म्हणजे ठसा केवढा आहे ते मला कळेल. पिल्लाचं त्यानंतर बोलू.