चहा ‘टाकते’ म्हणजे काय

चिऊ,

रविवारी पाहुणे निघायला उठले, मी म्हटलं, “बसा हो, चहा टाकते,” आणि तू घाबरून माझ्यामागे स्वयंपाकघरात आलीस. टाकायची ती आधणात चहापत्ती, फेकायचं काही नाही!

रात्रीचा तुझा दुसरा प्रश्न मात्र नेमका होता. चारला चहाला बोलावलं, मग चहा पावणेसहाला का? इथे परदेशात तुझ्या मैत्रिणीकडे तर किटली आधीपासून टेबलावर होती.

अगं, त्यांचा चहा कोरा. लोकरीची टोपी घातलेल्या किटलीत गरम बसतो, दूध ज्याचं त्याने घ्यायचं. स्कोन, म्हणजे त्यांचे चहासोबतचे छोटे गोल पाव, संपेपर्यंत पुरतो. आपला चहा दूध, साखर, आलं घालून उकळलेला. जरा थांबला की साय धरतो. आणि पाहुण्यांना पुन्हा गरम केलेला चहा दिला असता, तर आजीने पुण्याहून फोनवर झापलं असतं. त्यात आपली माणसं साडेचारपासून सव्वापाचपर्यंत एकेक करत येणार. म्हणून आधी पाणी, मग खाणं, गप्पा, आणि सगळे जमले की चहा.

दडपे पोहे तू दोनदा घेतलेस, पण ते मी शिजवलेच नव्हते बरं का. पातळ पोह्यांत ओलं खोबरं, बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ, चिमूटभर साखर हाताने कालवायची. वर ताट झाकून त्यावर वजन ठेवायचं, म्हणजे दडपायचं, नाव त्यावरूनच. अर्ध्या तासात खोबऱ्याच्या ओलाव्याने पोहे मऊ होतात. मग हिंग-मोहरीची फोडणी आणि पोह्याचा पापड चुरून. रविवारी वजन म्हणून तुझ्या बाबांचा तांदळाचा डबा होता. इथलं खोबरं फ्रीजरमधलं, ते पूर्ण सुटू द्यावं लागतं. इथे आल्यावर पहिल्यांदा मी तसंच घातलं होतं. पोह्यांचा गारेगार लगदा झाला, आणि पाहुणे बिचारे “छान झालेत” म्हणत संपवत होते.

आणि हो, ते काका “चहा नको, पोट भरलंय” म्हणाले तरी मी कप पुढे केला, हेही तुला खटकलं. पहिलं ‘नको’ संकोचाचं असतं. दुसऱ्यांदा नको म्हणाले असते तर मी सोडलं असतं. ते म्हणाले, “बरं, अर्धा कप.” त्यांना भरूनच दिला.

शनिवारी तुझ्या मैत्रिणीची आई येतेय. तिचं पहिलं ‘नो’ खरंच असेल हं, आग्रह नको. आधण तू ठेव, दूध मात्र वेगळं दे.

आई