इंदूरला दोनच दिवस असाल तर

दोनच दिवस आहेत ना, मग यादी घेऊन शहरभर धावू नका. राजवाड्याच्या आसपासच मुक्काम करा. सकाळी पोहे-जिलेबी, पोह्यांवर जिरावण हा इथला मसाला आवर्जून मागून घ्या. दुपारचं जेवण अगदी हलकं ठेवा, कारण खरी मजा रात्रीची. सराफ्यात दिवसा सोन्या-चांदीची दुकानं. ती बंद झाली की त्यांच्याच दारात खाऊगल्ली उभी राहते. रात्री दहाच्या सुमारास जा. भुट्ट्याचा कीस दोघांत एकच प्लेट घ्या: किसलेला मका दुधात शिजवलेला, वर कोथिंबीर, लिंबू. म्हणजे पुढच्या गाड्यांसाठी पोटात जागा राहते. थंडीत गेलात तर तळलेला गराडू (एक कंद) अजिबात सोडू नका. शिकंजी इथे दुधाची, सुकामेव्याची, पोटभरीची, म्हणून ती शेवटी. महेश्वरी साडी घ्यायची तर मात्र दिवसाउजेडी बघा, रंग नीट कळतात.