वाचक विचारतात : वाळूसाठी टायर बदलावेत की हवा?

प्रश्न : आम्ही चार मित्र डिसेंबरमध्ये जैसलमेरजवळच्या सम येथील वाळूच्या टेकड्यांवर जाणार आहोत. गाडी फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी) असून तिला २५५/६५ आर १८ मापाचे ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांसाठीचे) टायर आहेत आणि ते निम्मेही झिजलेले नाहीत. बेळगावातील एका विक्रेत्याने वाळूसाठी मड टायर घ्यायला सांगितले आहे. घ्यावेत का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : घेऊ नयेत. मड टायरच्या नक्षीतील ठोकळे मोठे आणि त्यांच्यामधील खाचा खोल असतात. अथणी-बैलहोंगलकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात हेच टायर चिखल बाहेर फेकत पुढे सरकतात, म्हणून तिथे त्यांना तोड नाही. कोरड्या वाळूत मात्र पकडायला घट्ट असे काहीच नसते. चाक जरा जागेवर फिरले की तेच ठोकळे वाळू उपसू लागतात आणि गाडी पोटावर बसते. शिवाय निपाणीहून जैसलमेरपर्यंतच्या सुमारे दीड हजार किलोमीटरच्या डांबरी प्रवासात त्यांची घरघर ऐकावी लागेल आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकही उशिरा लागेल, ते वेगळेच.

वाळूत खरे काम टायरमधील हवा करते. हवा कमी केली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग रुंदीपेक्षा लांबीने अधिक वाढतो, गाडीचे वजन मोठ्या जागेवर विभागले जाते आणि उंटाच्या पसरट तळव्याप्रमाणे टायर वाळूत न रुतता तिच्यावरून चालतो. रस्त्यावर ३२-३३ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा असेल, तर वाळूत उतरण्यापूर्वी ती १८ वर आणावी आणि टेकड्यांवरची भुसभुशीत वाळू लागल्यावर १५ पर्यंत. १२ च्या खाली केवळ रुतलेली गाडी काढण्यापुरतेच जावे, कारण इतक्या कमी हवेवर स्टिअरिंग झटक्यात वळवले तर टायर रिमवरून सुटतो.

हवा सोडण्याची एक सोपी रीत आहे. पहिल्या टायरची हवा गेजने मोजत सोडावी, हव्या त्या आकड्यावर यायला किती सेकंद लागले ते घड्याळात पाहावे, उरलेल्या टायरांना तेवढाच वेळ द्यावा आणि शेवटी चारही टायर पुन्हा मोजावेत. गेज स्वतःचा आणि खात्रीचा असावा. बॅटरीला जोडून चालणारा चांगला कॉम्प्रेसर सोबत नसेल, तर हवा सोडूच नये. कमी हवेचा टायर डांबरी रस्त्यावर वेगाने चालवला की त्याची बाजू सतत दुमडून तापते आणि टायर फुटू शकतो, त्यामुळे वाळूतून बाहेर पडताच हवा भरणे अत्यावश्यक आहे. नव्या टायरांसाठी राखलेल्या पैशांतून हा कॉम्प्रेसर, एक खोरे आणि चाकाखाली घालायच्या पट्ट्या घेतल्या, तर पैसा सत्कारणी लागेल.

पुढे कधी टायर बदलायची वेळ आलीच, तर मापातील मधला आकडा पाहावा. २५५/६५ म्हणजे टायरची बाजू रुंदीच्या ६५ टक्के, साधारण १६६ मिलिमीटर उंच. ‘आर १८’ म्हणजे आपली रिम १८ इंची; त्याऐवजी १६ इंची रिमवरील २४५/७५ टायरची बाजू साधारण १८४ मिलिमीटर भरते. टायरचा एकूण व्यास फारसा न बदलता बाजू उंच मिळते, आणि बाजू जितकी उंच तितका टायर हवा सोडल्यावर छान पसरतो. मोठी रिम आणि चपटा टायर देखणा दिसतो, पण वाळूत तो अडचणच. मात्र लहान रिम आपल्या गाडीच्या ब्रेकवर बसते की नाही, याची आधी खात्री करून घ्यावी.

गाडी चालवताना वेग एकसारखा ठेवावा, थांबायचे झाल्यास उताराकडे तोंड करून थांबावे आणि ब्रेक दाबण्याऐवजी गाडी आपोआप मंदावू द्यावी. चाके जागेवर फिरू लागताच ॲक्सिलरेटर सोडून आपल्याच चाकोरीतून मागे यावे. सकाळची गार वाळू दुपारच्या वाळूपेक्षा घट्ट असते.

जवळ आहे म्हणून सरावासाठी गोव्याचा समुद्रकिनारा मात्र गाठू नये. तिथे किनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी आहे, आणि मोरजी, आगोंद, गालजीबाग येथे समुद्री कासवे वाळूतच अंडी घालतात.

प्रश्न : कृष्णाकाठच्या मळीच्या रानात जाताना माझी टू-व्हील-ड्राइव्ह जीप वाळूत रुतते. रुंद टायर घातले तर चालेल का?
– एक शेतकरी वाचक, अथणी तालुका

उत्तर : थोडाफार फरक पडेल, पण रुंद टायर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर मडगार्डला घासतात. त्याआधी मागच्या टायरांची हवा कमी करून पाहावी. गाडी भरलेली असेल तर कमीच सोडावी. पाणी ओसरल्यावर नदीकाठी वरची वाळू कोरडी दिसली तरी खाली गाळ असू शकतो आणि तिथे कोणताही टायर उपयोगी पडत नाही, म्हणून आधी पायी जाऊन पहारीने जमीन तपासावी. रुतल्यावर चाकापुढची आणि गाडीच्या पोटाखालची वाळू खोऱ्याने ओढून चाकाखाली ओले गोणपाट घालावे. हाताशी असते म्हणून उसाचे वाळलेले पाचट घालू नये. तापलेल्या सायलेन्सरला लागून ते पेट घेऊ शकते. ट्रॅक्टरने ओढायची वेळ आली तर दोर बंपरला न बांधता गाडीच्या हुकालाच बांधावा आणि ओढताना दोराजवळ कोणालाही उभे राहू देऊ नये.