माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर मॉड टाकण्याआधी
अरे, एकदम ढीगभर मॉड (गेम बदलणाऱ्या फाइली) कोंबू नकोस. आधी लोडर, म्हणजे मॉड चालवणारा प्रोग्राम, ठरव, फॅब्रिक की फोर्ज: फॅब्रिकचा मॉड फोर्जवर सरळ चालत नाही, आणि माइनक्राफ्ट १.२०.१ चा १.२१ वर चालेलच असं नाही. लिथियम (सर्व्हरचं काम हलकं करणारा मॉड) नुसता सर्व्हरवर टाकला तरी पुरतो. नवे प्राणी, नव्या वस्तू आणणारा मॉड मात्र प्रत्येकाकडे हवा, तोही त्याच व्हर्जनचा. नाहीतर बोरिवलीवाला बाहेरच अडकतो आणि दादरवाले ताटकळत बसतात.

सर्व्हर बंद कर, ‘वर्ल्ड’ फोल्डरची कॉपी दुसरीकडे ठेव, मग एकच जार (मॉडची फाइल) ‘मॉड्स’ फोल्डरमध्ये टाकून सर्व्हर चालू कर आणि लॉग, म्हणजे त्याने लिहिलेल्या नोंदी, वाच. नव्या वस्तू आणणारा मॉड नंतर काढलास तर त्याच्या वस्तू जगातून गायब होतात, म्हणून बॅकअपचा हट्ट. सर्व्हर भाड्याने घेणार असशील तर मुंबईतलाच बघ, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) कमी लागतो.